विश्लेषण : शिक्षकांना कला कोण शिकवते? बी.एड.च्या वर्गातील एका दुर्लक्षित पदाविषयी…

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने कलेला शाळेच्या वेळापत्रकाच्या कडेवरून वर्गाच्या मध्यभागी आणण्याचे ठरवले. गणित असो, भूगोल असो वा विज्ञान, ते चित्र, नाट्य, संगीत आणि हस्तकलेच्या साह्याने शिकवावे, अशी अपेक्षा आता प्रत्येक शिक्षकाकडून केली जाते. ही अपेक्षा पूर्ण करायची तर त्या शिक्षकाला स्वतःला आधी कलेचा अनुभव मिळायला हवा. तो मिळण्याची अधिकृत जागा म्हणजे बी.एड.चा वर्ग. पण त्या वर्गात कला शिकवणारी व्यक्ती कोण असते, ती कुठून आलेली असते आणि तिच्या पार्श्वभूमीने काय फरक पडतो, यावर फारशी चर्चा होत नाही. 

बी.एड.मध्ये कला कुठे येते?

बी.एड. हा पदवीनंतरचा व्यावसायिक अभ्यासक्रम. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या म्हणजे एनसीटीईच्या २०१४ च्या नियमावलीनुसार तो एक वर्षाऐवजी दोन वर्षांचा झाला आणि २०१५-१६ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. या फेररचनेत व्यावसायिक क्षमता वाढवणाऱ्या चार छोट्या अभ्यासक्रमांचा गट आला. मजकुराचे वाचन आणि चिंतन, शिक्षणातील नाट्य व कला, माहिती-तंत्रज्ञानाची चिकित्सक समज आणि स्वतःची ओळख, असे हे चार विषय. 

यातील ‘शिक्षणातील नाट्य व कला’ हा विषय प्रत्येक छात्राध्यापकाला घ्यावा लागतो. तो पुढे मराठी शिकवणार असो वा रसायनशास्त्र, त्यातून सुटका नाही. हेतू स्पष्ट आहे. शिक्षकाने चित्रकार किंवा नट व्हावे असे कोणी म्हणत नाही. रंग, आवाज, हालचाल आणि वस्तू हाताळताना माणूस कसा विचार करतो, याचा अनुभव त्याने स्वतः घ्यावा आणि तो अनुभव आपल्या विषयाच्या पाठात वापरावा, एवढेच अपेक्षित आहे. 

नियम काय सांगतो?

कागदावर व्यवस्था चांगली आहे. ५० विद्यार्थ्यांचे एक याप्रमाणे दोन युनिट असलेल्या महाविद्यालयासाठी नियमावलीने १६ अध्यापक ठरवले. एक प्राचार्य, शिक्षणाचे तात्त्विक विषय शिकवणारे चार, विविध शालेय विषयांच्या अध्यापन पद्धती शिकवणारे आठ, आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा एक, दृश्यकलेचा एक आणि संगीत, नृत्य किंवा नाट्य या प्रयोगकलांचा एक. म्हणजे १६ पैकी दोन जागा कलेच्या, आठात एक. भारतातील अध्यापक शिक्षणाच्या इतिहासात कलेला मिळालेले हे मोठे स्थान म्हणावे लागेल.

पात्रतेच्या अटींमध्ये मात्र एक महत्त्वाचा फरक आहे. अध्यापन पद्धती शिकवणाऱ्याकडे आपल्या विषयाची पदव्युत्तर पदवी आणि शिक्षणशास्त्राची पदव्युत्तर पदवी अशा दोन्ही हव्यात. दृश्यकलेच्या अध्यापकाला किमान ५५ टक्के गुणांसह ललितकलेची पदव्युत्तर पदवी म्हणजे एमएफए पुरते. प्रयोगकलांसाठी संगीत, नृत्य वा नाट्याची पदव्युत्तर पदवी लागते. शिक्षणशास्त्राची अट तिथे नाही. म्हणजे नियमाला अभिप्रेत असलेला कला-अध्यापक हा स्टुडिओतून किंवा रंगमंचावरून थेट शिक्षकांच्या वर्गात आलेला माणूस आहे.

संख्येचा प्रश्न वेगळाच. महाविद्यालयात एकच युनिट असेल तर १६ ची संख्या ८ वर येते. प्राचार्य धरून आठ माणसांत भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे आणि तात्त्विक विषय बसवायचे. अशा वेळी व्यवस्थापनाची पहिली कात्री कुठे चालेल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. अध्यापकांचा उपयोग लवचीकपणे करून घ्यावा, अशी मुभा नियमावलीत आहे. त्या मुभेचा चांगला उपयोगही होऊ शकतो आणि पळवाटही निघू शकते.

मग हा तास प्रत्यक्षात कोण घेते?

साधारणपणे चार प्रकारची माणसे या वर्गात उभी राहतात. पहिला, एमएफए झालेला चित्रकार किंवा शिल्पकार. दुसरा, शाळेत अनेक वर्षे चित्रकला शिकवलेला आणि आता तासिका तत्त्वावर बोलावला जाणारा कला शिक्षक. तिसरा, संगीत विशारद झालेला गायक किंवा हौशी-प्रायोगिक रंगभूमीवर काम केलेला नाट्यकर्मी. आणि चौथा, मुळात इतिहासाची किंवा इंग्रजीची अध्यापन पद्धती शिकवणारा, पण अक्षर चांगले आहे किंवा स्नेहसंमेलनाची आवड आहे म्हणून ज्याच्याकडे हा विषय दिला गेला तो अध्यापक.

यातील प्रत्येकाकडे देण्यासारखे काही तरी असते आणि प्रत्येकाची एक मर्यादाही असते. चित्रकाराला साधन आणि माध्यम खोलवर कळते. पण ज्याने सातवीनंतर ब्रश हातात धरलेला नाही अशा तिशीच्या विज्ञान पदवीधराची भीती कशी घालवायची, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. शाळेतील कला शिक्षकाला मुले कळतात, साठ मुलांच्या वर्गात पाण्याच्या वाट्या कशा फिरवायच्या हेही कळते. पण परीक्षेच्या साच्यात वर्षानुवर्षे काम केल्याने ‘बरोबर चित्र’ आणि ‘चुकीचे चित्र’ ही विभागणी त्याच्या अंगवळणी पडलेली असू शकते. नाट्यकर्मी वर्ग जिवंत करतो, मात्र त्या खेळाचा भूगोलाच्या पाठाशी सांधा जुळवणे त्याला अवघड जाते. चौथ्या अध्यापकाला पाठ टाचण आणि मूल्यमापन पक्के ठाऊक असते. पण कलेचा स्वतःचा अनुभव नसला की विषय तक्ते, फलकलेखन आणि सजवलेल्या फायलीपाशी येऊन थांबतो.

या विषयाचे मूल्यमापन प्रामुख्याने महाविद्यालयातच अंतर्गत पद्धतीने होते. त्यामुळे अध्यापकाची तयारी कमी असेल तरी ती निकालात दिसत नाही. फाईल पूर्ण झाली की गुण मिळतात. छात्राध्यापकाने एकदाही मातीला हात लावला नाही, हे गुणपत्रिका सांगत नाही.

पार्श्वभूमीने खरेच फरक पडतो का?

कलाशिक्षणाचा इतिहास पाहिला तर पडतो, असेच उत्तर मिळते. त्यातले एक उदाहरण महाराष्ट्राच्या भूमीतले आहे. वर्ध्याच्या १९३७ च्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची कल्पना पुढे आली. सेवाग्रामच्या नई तालीमच्या शाळेत १९४४ मध्ये देवी प्रसाद कला शिक्षक म्हणून रुजू झाले. ते शांतिनिकेतनच्या कलाभवनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले. चित्रकार होते आणि पुढे कुंभारकामासाठी नावाजले गेले. जवळपास दोन दशके त्यांनी सेवाग्राममध्ये मुलांबरोबर काम केले. हस्तोद्योगाला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या त्या शाळेत कला म्हणजे फुरसतीचा उद्योग नव्हे, ती शिक्षणाचा पायाच आहे, ही त्यांची भूमिका घडली. त्यांच्या पुस्तकाचे शीर्षकही तेच सांगते. कलाभवनातील तालीम, हाताने वस्तू घडवण्याची सवय आणि गावातल्या मुलांचा सहवास हे तिन्ही एकत्र आले नसते, तर त्यांच्या हातून हे लेखन होणे कठीण होते.

दुसरे उदाहरण व्हिक्टर लोवेनफेल्ड यांचे. मुलांच्या चित्रांच्या वाढीचे टप्पे सांगणारे त्यांचे १९४७ चे पुस्तक जगभरच्या शिक्षक प्रशिक्षणात दीर्घकाळ वापरले गेले. लोवेनफेल्ड व्हिएन्नात अंध मुलांना कला शिकवत. डोळ्यांनी न पाहणारे मूल मातीतून चेहरा घडवते, तेव्हा ते स्पर्शाने आणि शरीराच्या जाणिवेने जग समजून घेत असते, हे त्यांनी तिथे पाहिले. नाझी राजवटीमुळे देश सोडून ते अमेरिकेत गेले. व्हर्जिनियातील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या हॅम्प्टन संस्थेत आणि नंतर पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात त्यांनी शिकवले. सर्व मुले सारख्याच पद्धतीने पाहत नाहीत, हा त्यांचा आग्रह त्या अंध मुलांच्या वर्गातून आलेला होता.

रंगभूमीवरही असेच घडले. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने १९८९ मध्ये ‘संस्कार रंग टोली’ ही शिक्षणासाठी नाट्याचा वापर करणारी स्वतंत्र टोली उभी केली, कारण प्रशिक्षित नटाला मुलांबरोबर काम करण्यासाठी वेगळी तयारी लागते, हे ओळखले गेले होते. 

या सर्व उदाहरणांत एक धागा समान आहे. कलेची पक्की तालीम आणि शिकणाऱ्यांबरोबरचा दीर्घ अनुभव या दोन गोष्टी एकाच माणसात किंवा एकाच गटात आल्या, तेव्हा काम उभे राहिले. 

महाराष्ट्रात या दोन वाटा वेगळ्या का राहिल्या?

खरे तर महाराष्ट्राची परंपरा या बाबतीत जुनी आहे. मुंबईचे सर ज. जी. कला विद्यालय १८५७ चे. तिथे १८७९ मध्ये रेखाकला हा शिकवण्याचा विषय झाला आणि १८९३ मध्ये ड्रॉइंग शिक्षक तयार करण्याचा वर्ग सुरू झाला. १९६५ मध्ये स्वतंत्र कला संचालनालय आले. कला शिक्षक पदविका म्हणजे एटीडी, आर्ट मास्टर, कला अध्यापनाची पदविका अशी शिडी तयार झाली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांनी चित्रकला खेडोपाडी पोहोचवली. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन हे शब्द मराठी घरांत या परीक्षांमुळेच रुळले. इतर अनेक राज्यांना हेवा वाटावा, अशी ही रचना आहे.

अडचण अशी की ही शिडी आणि बी.एड.ची शिडी समांतर उभ्या राहिल्या आणि त्यांच्यात फळी टाकायचे राहून गेले. एटीडी झालेला माणूस मुलांना चित्रकला कशी शिकवावी, याचे प्रशिक्षण घेतो, सरावपाठ घेतो, पण पदविकेवर तो अध्यापक महाविद्यालयात पूर्णवेळ पदासाठी पात्र ठरत नाही. एमएफए झालेला पात्र ठरतो, पण त्याने एकही सरावपाठ घेतलेला असेलच असे नाही. एकाकडे अध्यापनाची तालीम आहे, पण पद नाही. दुसऱ्याला पद मिळते, पण त्या तालमीची अट नाही. दोन्ही वाटा एकाच उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या अखत्यारीत असूनही हे घडते.

पदवी नसलेल्या कलावंतांचे काय?

पदवीची अट आणखी एका प्रकारच्या पार्श्वभूमीला दाराबाहेर ठेवते. वारली चित्रकलेला जगभर नेणारे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. सिंधुदुर्गातील पिंगुळीची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची कला जपणारे परशुराम गंगावणे २०२१ मध्ये पद्मश्रीचे मानकरी ठरले. यांच्यासारख्या कलावंतांची विद्या घरात, पाड्यावर, जत्रेत शिकली जाते. तिथे ५५ टक्क्यांचा दाखला मिळत नाही. पण चित्र दाखवत गोष्ट सांगणे ही शिक्षकाच्या फार उपयोगाची कला आहे आणि चित्रकथीची परंपरा नेमकी तीच आहे.

यावर तोडगे उपलब्ध आहेत. शैक्षणिक धोरणाने शाळांत स्थानिक कलावंत व कारागिरांना निदेशक म्हणून घ्यावे आणि उच्च शिक्षण संस्थांनी निवासी कलावंताची व्यवस्था करावी, असे सुचवले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची मार्गदर्शक तत्त्वे आणली. त्यात किमान १५ वर्षांचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाला औपचारिक पदवीच्या अटीशिवाय नेमता येते आणि मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत अशी नेमणूक करता येते. १६ पदांच्या अध्यापक महाविद्यालयात याचा अर्थ एक माणूस. तो एक माणूस चित्रकथीकार, कुंभार किंवा दशावतारी नट असू शकतो. हे दार उद्योगजगतातील अधिकाऱ्यांसाठीच आहे, असा समज मात्र आधी दूर व्हायला हवा.

शाळेतल्या मुलापर्यंत याचा परिणाम कसा पोहोचतो?

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी, शाळेत १०० हून अधिक मुले असतील तर कला शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, अशी तरतूद आहे. म्हणजे १०० पेक्षा कमी पटाच्या शाळेत कायद्याने कलेचा स्वतंत्र माणूस अपेक्षितच नाही. महाराष्ट्राच्या ग्रामीण आणि डोंगराळ भागात कमी पटाच्या शाळा मोठ्या संख्येने आहेत. तिथे कला शिकवायची तर ती वर्गशिक्षकालाच शिकवावी लागते. आणि तो शिक्षक कलेच्या बाबतीत काय घेऊन आला आहे, हे त्याच्या प्रशिक्षणाच्या वर्गात ठरलेले असते.

दरम्यान, अपेक्षा वाढतच आहेत. सीबीएसईने २०२० पासून पहिली ते दहावीसाठी कला एकात्मिक प्रकल्प सक्तीचे केले. शालेय शिक्षणाच्या २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दृश्यकला, नाट्य, संगीत आणि नृत्य यांना स्वतंत्र अभ्यासक्षेत्राचा दर्जा दिला. एनसीईआरटीने २०२४ मध्ये तिसरीसाठी ‘बांसुरी’ आणि सहावीसाठी ‘कृती’ ही कलेची पाठ्यपुस्तके आणली. पुस्तक आले, प्रकल्प आला, आराखडा आला. पण प्रशिक्षणाच्या वर्गातच अनुभव मिळाला नसेल, तर कला एकात्मिक प्रकल्प म्हणजे पालकांनी रात्री जागून चिकटवलेले थर्माकोल, हे समीकरण बदलणार नाही.

काय करता येईल?

पहिली गोष्ट म्हणजे या पदाकडे एका व्यक्तीचे पद म्हणून पाहणे थांबवावे. चित्रकार आणि शिक्षणशास्त्राचा अध्यापक यांनी हा विषय मिळून शिकवला, तर दोघांच्या उणिवा भरून निघतात. त्यासाठी नवे पद लागत नाही, वेळापत्रकात दोन नावे एकत्र लिहावी लागतात.

दुसरे, एमएफए झालेल्या नव्या कला-अध्यापकासाठी शाळेतील अनुभवाची एक ठरावीक मुदत सक्तीची करावी. छात्राध्यापकाला आंतरवासिता करावी लागते. त्याला शिकवणाऱ्याने काही आठवडे शाळेच्या वर्गात घालवणे अवाजवी नाही. याच न्यायाने, एटीडी आणि अध्यापन पदविका घेऊन शाळेत दीर्घकाळ काम केलेल्या कला शिक्षकांच्या अनुभवाला शैक्षणिक श्रेयांक देऊन पदव्युत्तर शिक्षणापर्यंत पूल बांधावा. श्रेयांकांची पेढी ही कल्पना धोरणातच आहे. तिचा उपयोग करून घ्यायला हवा.

तिसरे, मूल्यमापन फायलीवरून कामावर आणावे. छात्राध्यापकाने वर्षभरात काय घडवले, बिघडवले, पुन्हा केले आणि त्यातले काय आपल्या सरावपाठात वापरले, याचा संचय तपासावा. बाहेरचा एक परीक्षक, शक्यतो प्रत्यक्ष शाळेत शिकवणारा कला शिक्षक, तो पाहायला यावा.

चौथे, आणि सर्वांत सोपे, पारदर्शकता. अध्यापक महाविद्यालयांच्या संकेतस्थळांवर अध्यापकांची यादी असते. कलेचा विषय कोण घेते, त्याची कलेतील तालीम काय, शाळेतील अनुभव किती, तो पूर्णवेळ की तासिका तत्त्वावर, हे तिथे स्पष्ट लिहिले जावे. सीईटी देऊन प्रवेश घेणारा पदवीधर शुल्क भरतो. त्याला हे विचारण्याचा अधिकार आहे.

तासिका तत्त्वाचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. तासापुरते बोलावलेल्या कलावंताला छात्राध्यापकांचे सरावपाठ पाहायला वेळ नसतो आणि त्याचा मोबदलाही मिळत नाही. त्यामुळे कलेचा तास आणि प्रत्यक्ष पाठ यांची भेट होत नाही. धोरणाचा सारा भर ज्या एकात्मिकतेवर आहे, ती नेमकी इथे तुटते.

चार वर्षांचा एकात्मिक अध्यापक शिक्षण कार्यक्रम २०२३-२४ पासून देशातील निवडक संस्थांत सुरू झाला आहे आणि २०३० पर्यंत शिक्षक होण्याची किमान पात्रता चार वर्षांची एकात्मिक बी.एड. असावी, असे धोरण सांगते. जुनी रचना बदलत असताना पदांचे निकषही नव्याने लिहिले जातील. त्या वेळी कला-अध्यापकाच्या पदासमोर फक्त पदवीचे नाव आणि टक्केवारी लिहून भागणार नाही. सेवाग्रामच्या शाळेला १९४४ मध्ये जे उमगले होते, ते आता नियमांच्या भाषेत उतरवायचे आहे. ते जमले नाही, तर कागदावरची दोन पदे कागदावरच राहतील आणि चित्रकलेचा तास पूर्वीसारखाच गणिताच्या सरांना उसना दिला जाईल.